एका काचेत पाचजणी

रविवारी सकाळी आबांनी माशांच्या टाकीवरचा टॉवेल बाजूला केला आणि पट्टेवालीच्या शेपटीचा एक तुकडा जागेवर नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. तुकडा काही मोठा नव्हता. नखाचं टोक कापून टाकावं, एवढाच. दुसऱ्या कुणाला तो दिसलाही नसता. पण आबांची चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती, आणि उडालेला अनुस्वार त्यांना पानाच्या दुसऱ्या टोकावरून टोचायचा. छापखान्यात पाठीमागे आपल्याला 'काना-मात्रा' म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं. आपल्याला ते ठाऊक आहे, हे मात्र त्यांनी कधी कुणाला कळू दिलं नव्हतं. ते वाकले. गुडघा कुरकुरला. पट्टेवाली टाकीच्या मागच्या कोपऱ्यात, पाणी कोमट ठेवणाऱ्या तापकाच्या नळीआड, नाक काचेला लावून उभी होती. मासा उभा राहतो म्हणणं बरोबर आहे का, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला, आणि अशा वेळी आपल्याला असलेच विचार सुचतात याची त्यांना लाज वाटली. निळी मधोमध होती. पर पसरून, अगदी स्वस्थ. सकाळी सगळ्यांच्या आधी आंघोळ उरकून बसलेल्या बाईसारखी.

"काय झालं?" मुलीनं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं. तिच्या हातात वह्यांचे गठ्ठे होते. ती शाळेत गणित शिकवायची आणि रविवारची सकाळ तपासण्यात घालवायची.

"शेपटी तुटलीय हिची. जराशी."

"आपटली असेल कुठेतरी. बावळटच आहे ती." ती टाकीपाशी येऊन निळीकडे बघत राहिली. "हिला बघ. माझी ठाणेदारीण कशी तोऱ्यात आहे." निळीला ठाणेदारीण हे नाव तिनंच ठेवलं होतं. बाकीच्यांची नावं साधी होती: तांबडी, पांढरी, मातकट आणि पट्टेवाली.

टाकी मुलानं आणली होती. तो बोटीवर इंजिनिअर. वर्षातले आठ महिने पाण्यावर. मागच्या खेपेला निघताना तो ही भली मोठी काच घेऊन आला आणि म्हणाला, "आबा, तुम्हाला सोबत." घरात दोन बायका असताना सोबतीला मासे कशाला, हे आबांनी विचारलं नाही. कदाचित मुलालाच काही जाणवलं असेल. मग आबा दुकानात गेले. दुकानात फायटर मासे होते. नर एकेका बरणीत वेगवेगळे, आणि दोन बरण्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा, कारण एकमेकांना नुसतं बघूनही त्यांचं डोकं फिरतं. माद्या मात्र एकाच टबात. "नर एकत्र राहत नाहीत काका," दुकानदार म्हणाला, "फाडून टाकतात. माद्या राहतात. पण पाच घ्या, कमी नको. दोनच घेतल्या तर एक दुसरीला संपवते. पाच असल्या की राग वाटला जातो." राग वाटला जातो! आबांना ते वाक्य फार आवडलं होतं. घरी येताना वाचनालयात थांबून त्यांनी माशांवरचं एक जाडजूड पुस्तक काढलं आणि ताळा करून बघितला. पुरेशी जागा, दाट वनस्पती, लपायला आडोसे, सगळ्या एकाच वेळी सोडलेल्या आणि एका वयाच्या असतील तर माद्या 'बहुतेक वेळा' एका टाकीत गुण्यागोविंदानं राहतात. त्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. 'बहुतेक' हा शब्दही उतरवला. त्या शब्दात छपाईची एकही चूक नव्हती.

आणि टाकी मार्गी लागली खरी. आबांनी वनस्पती लावल्या, उलटं मातीचं भांडं ठेवलं, नारळाची अर्धी करवंटी ठेवली, जिकडेतिकडे आडोसे केले. पहिले दोन दिवस पळापळ झाली, मग सगळं शांत झालं. आबा खुर्चीत पुस्तक घेऊन बसत आणि पानं उलटता उलटता टाकीकडे बघत. खुर्चीवरून डावा हात लांबवला की टाकीचा अलीकडचा कोपरा हाताशी यायचा. तिथूनच ते चिमटीनं दाणे टाकत. पाचही जणी वर येत. म्हणजे निळी आधी येई, बाकीच्या मागाहून. पट्टेवाली सगळ्यांत शेवटी, खाली पडलेलं वेचायला. आबांना तिचं कौतुक होतं. डोळ्यापासून शेपटीपर्यंत दोन काळे पट्टे, पट्टी धरून आखल्यासारखे. घरी कुणी आलं की आबा आधी तिला दाखवत. "हिचा स्वभाव बघा. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

सुनेनं सुरुवातीला एकदा म्हटलं होतं, "आबा, हिला आणली तेव्हा हे पट्टे नव्हते." ती चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायची, तिची नजर चांगली होती. आबा म्हणाले होते, "मोठी झाली की रंग उठतो." सून कशावरच काही बोलायची नाही. आबा तेही येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत: "आमची सून म्हणजे अगदी शांत. नणंदा-भावजया एका घरात, पण तीन वर्षांत आवाज म्हणून चढलेला नाही."

आणि आज रविवार होता. दुपारी चारला मुलाचा फोन येणार होता, आणि त्याला उत्तर द्यायचं होतं. शुक्रवारी संध्याकाळी मुलगी शाळेच्या कसल्याशा बैठकीला गेली असताना सून चहाचा कप घेऊन आली होती. कप टेबलावर ठेवून ती परत वळली नाही, तेव्हाच आबांनी पुस्तकात बोट घालून पुस्तक मिटलं. "आबा, एक विचारायचं होतं." तिचा आवाज ऐकायला माणसाला पुढे वाकावं लागे. दुकानाच्या मालकाच्या मावशीकडे वरच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या आहेत. दुकानापासून चालत पाच मिनिटं. तिथे राहायला जावं असं तिला वाटत होतं. आबांना सोडून नव्हे, येऊनजाऊन राहीलच ती, दर रविवारी येईल. "यांना मी बोलले. ते म्हणतात, आबा हो म्हणाले तर माझं काही नाही. तुम्ही रविवारी फोनवर त्यांना एवढंच सांगा."

"इथे काही त्रास आहे का तुला?" आबांनी विचारलं होतं.

तिनं थोडा वेळ टाकीकडे बघितलं. "त्रास असा नाही."

"ती काही बोलते का?"

"ताई बोलत नाहीत काही. खरंच. कधी काही बोलल्याच नाहीत." मग जरा थांबून ती म्हणाली, "मी घरात असले की मला सारखं वाटतं, मी कुठेतरी मध्ये उभी आहे. कुठे सरकू ते कळत नाही."

"बघू," आबा म्हणाले होते. 'बघू' हा त्यांचा आवडता शब्द. बायको असती तर म्हणाली असती, तुमच्या बघूला चष्मा लागलाय, लांबचं दिसत नाही त्याला. पण बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि तिच्या तोंडची वाक्यं हल्ली आबांनाच तयार करावी लागत. शुक्रवारपासून आबा बघत होते, म्हणजे काहीच करत नव्हते. सून गेली तर लोक काय म्हणतील, हा विचार त्यांनी प्रामाणिकपणे करून पाहिला आणि तो फारसा टोचत नाही असं त्यांना आढळलं. टोचत होतं ते निराळंच. सकाळी सव्वासातला ती चहा ठेवून जायची. कपबशीचा आवाज न करता. आबा वाचत असत आणि कप आपोआप उगवल्यासारखा बाजूला यायचा. तो कप येणार नाही. मग मुलगी आणेल, दाणकन ठेवेल, आणि म्हणेल, 'घे, गरम आहे तोवर.' एवढ्याशा गोष्टीसाठी आपण एका बाईला अडवून धरतो आहोत का? असेल. आबांना स्वतःबद्दल फारसं चांगलं मत कधीच नव्हतं, त्यामुळे असलं काही सापडलं की ते पटकन मान्य करत. आणि मान्य केलं की काम संपलं असं त्यांना वाटे.

मुलगी वाईट नव्हती. चार वर्षांपूर्वी ती दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा आबांनी बघितला होता. तिचं लग्न सहा वर्षं टिकलं. त्या घरात तिला स्वतःचा असा एक खणसुद्धा नव्हता, कपाटाची किल्ली सासूकडे असे. त्या दिवशी आबांना काय बोलावं सुचेना, आणि शेवटी ते म्हणाले होते, "हे घर तुझंच आहे." तिनं ते वाक्य अंगाला गुंडाळून घेतलं. दुसऱ्याच आठवड्यात तिनं स्वयंपाकघरातले सगळे डबे नव्यानं लावले, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. त्यातल्या एका चिठ्ठीतला ऱ्हस्व-दीर्घ आबांनी पेन्सिलीनं गुपचूप सुधारला होता. वर्षभरानं मुलाचं लग्न झालं. सून आत आली, वाकून नमस्कार करून उभी राहिली, आणि आबांना पुन्हा काय बोलावं सुचेना. आजवर हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आज, पट्टेवालीच्या तुटक्या शेपटीकडे बघता बघता, कुठलीतरी ओळ दोनदा छापली गेल्याचं एकदम दिसावं तसं त्यांना दिसलं. सुनेलाही ते हेच म्हणाले होते. "हे घर आता तुझंच आहे." तेच वाक्य, शब्द एकच जास्त. दोघींनीही ते खरं मानलं. खरं न मानण्यासारखं त्यात होतं तरी काय?

छापखान्यात नवे लागले तेव्हा त्यांना शिकवणारे एक म्हातारे गृहस्थ होते, तपकिरीच्या डागांचा सदरा घालणारे. ते म्हणायचे, "अर्थात शिरू नकोस. अर्थात शिरलास की चूक सुटली. अक्षर बघ. गोष्ट रडकी आहे का हसरी, त्याचं तुला काय?" आबांनी ते इतकं मनावर घेतलं की शेकडो कादंबऱ्या त्यांच्या डोळ्यांखालून गेल्या आणि एकीतही कोण कुणाला सोडून गेलं ते त्यांना सांगता आलं नसतं. पान स्वच्छ होतं की नाही, एवढंच ते सांगत. घरही त्यांनी तसंच तपासलं होतं बहुधा. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही, फुटलेला कप नाही. पान स्वच्छ. सही करून पुढे. भाजीच्या पिशवीतून सुनेनं काय आणलं ते मुलगी पुन्हा बाहेर काढून बघायची, परत भरायची, काही न बोलता. सून आंघोळीला निघाली की नेमकं मुलीला बेसिन घासायचं असे. सून ओट्याशी आली की मुलगी ओट्याशीच असे. यात चूक कुठे दाखवायची? समासात काय खूण करायची?

"आबा." सून मागे येऊन उभी होती. किती वेळ, ते कळलं नाही. केस ओले होते. तीही वाकून बघू लागली. "चावलंय तिला."

"आपटली असेल, असं म्हणतेय ही," आबा म्हणाले, आणि आपण मुलीच्या वाक्यामागे लपलो हे त्यांना जाणवलं.

"तुम्ही एक मिनिट नुसतं बघा," सून म्हणाली. नंबर तपासताना ती गिऱ्हाईकाला असंच म्हणत असेल. आबा बघत राहिले. या माशांना पाण्यातली हवा पुरत नाही. थोड्या थोड्या वेळानं वर येऊन तोंडानं हवेचा घोट घ्यावा लागतो, हे पुस्तकात होतं. तांबडी वर आली, घोट घेऊन खाली गेली. पांढरी आली, गेली. मग नळीआडून पट्टेवाली निघाली. ती अर्ध्यावर आली न आली तोच निळी वळली. धावली नाही, नुसती वळली. पट्टेवाली थांबली, खाली गेली. पुन्हा निघाली. निळी पुन्हा वळली. तिसऱ्या वेळी पट्टेवाली कडेकडेनं, काचेला अंग घाशीत, सुसाट वर आली, घोट घेतला न घेतला आणि दगड पडावा तशी खाली गेली.

"श्वास घ्यायलासुद्धा..." आबा म्हणाले.

"आणि दाणे तुम्ही एकाच कोपऱ्यात टाकता, आबा. तिथे निळी असते." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "ते पट्टे भीतीचे असतात. आमच्या दुकानात एक गिऱ्हाईक येतात, त्यांच्याकडे आहेत असे मासे. मी विचारलं होतं त्यांना."

"कधी?"

"झाले की चार-पाच महिने."

"मग सांगितलं का नाहीस?"

सून ओशाळं हसली. "तुम्हाला ते आवडायचे ना."

आबांना वाटलं आपण खुर्चीत बसावं. ते बसले. चार-पाच महिने ते ज्या गोष्टीचं कौतुक पाहुण्यांना दाखवत होते, ती गोष्ट भीती होती. आणि हे घरातल्या एका माणसाला ठाऊक होतं, आणि त्या माणसाला ते आपल्याला सांगता आलं नव्हतं. या दोन्हींतलं जास्त वाईट काय, ते त्यांना ठरवता येईना.

"हिला बाहेर काढू का? मोठी बरणी आहे वरच्या फळीवर."

"एकटी पडेल."

"पडू दे ना," सून म्हणाली. ती इतकं चटकन म्हणाली की आबांनी वळून तिच्याकडे बघितलं.

बरणीवरून स्वयंपाकघरात थोडं झालंच. "ती बरणी? त्यात मी डाळ भरणार होते," मुलीचा आवाज आला. मग सुनेचा, न कळणारा. मग मुलीचा: "घे गं, घे. माझं काय जातंय. माशांना बंगले बांधा तुम्ही." तिनं ते हसूनच म्हटलं होतं. छापलं असतं तर त्या वाक्याला विनोद म्हणावं लागलं असतं. सुनेनं टाकीतलंच पाणी बरणीत घेतलं, एक पानांची फांदी टाकली, आणि चहाच्या गाळणीनं पट्टेवालीला अलगद उचलून आत सोडलं. बरणी आबांच्या टेबलावर, पुस्तकांच्या चळतीशेजारी, उन्हापासून जरा आत ठेवली. पट्टेवाली तळाशी जाऊन बसली. कल्ले भराभर हलत होते. ती वर येईना. आबांनी घड्याळात बघितलं. तीन मिनिटं झाली, चार झाली. मग ती एकदम निघाली, कडेकडेनं, सुसाट, घोट घेऊन खाली. अडवायला कुणी नव्हतं, तरी तशीच.

दुपारची जेवणं झाली. तिघं एका टेबलाशी बसत. आज आबांनी अक्षरांत न राहता अर्थात शिरायचं ठरवलं होतं, आणि वयाच्या बहात्तराव्या वर्षी ते फार दमवणारं काम होतं. सुनेनं वाढून घेताना डाव एवढासा बुडवला. मुलीनं ते बघितलं. सुनेनं मुलीनं बघितलेलं बघितलं, आणि आणखी घेतलं नाही. मुलीनं विचारलं, "वाढू का अजून?" आणि त्या विचारण्यात खरोखरच काळजी होती. हेच अवघड होतं. मुलगी दुष्ट असती तर किती सोपं झालं असतं! पण ती आपल्या दोन बॅगांवर पहारा देत बसलेली एक बाई होती. तिला जायला दुसरी जागा नव्हती. निळीला तरी कुठे होती?

जेवण झाल्यावर आबा पुस्तक उघडून बसले. घर शांत झालं. 'आबा वाचताहेत' हे वाक्य या घरात इतकी वर्षं चालत आलं होतं की आता ते कुणाला उच्चारावंही लागत नसे. आणि त्या शांततेत त्यांना बायकोची शिंक आठवली. ही आठवण त्यांची ठेवणीतली. ते ती हसत हसत सांगत. आई आणि बायको चौदा वर्षं एका घरात राहिल्या. आई गेली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत एका दुपारी आबांनी बायकोची शिंक पहिल्यांदा ऐकली. काय शिंक होती ती! खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं होतं. एवढीशी बाई, आणि चौदा वर्षं ही शिंक तिनं ठेवली कुठे होती? सासूच्या धाकात, असं आबा म्हणत, आणि ऐकणारे हसत. आईचा धाक होताच तसा.

पण आज ती आठवण सरळ उलगडेना. आपण त्या वेळी कुठे होतो? खुर्चीत नव्हतो. हातात पिशवी होती, पिशवीत पुस्तकाचे छापील फर्मे. छापखान्यातली वीज गेली म्हणून त्या दिवशी ते दुपारीच घरी आले होते. ते जिन्यात होते. शिंक त्यांनी जिन्यातून ऐकली, दाराबाहेरून. आणि शिंकेच्या मागोमाग बायको काहीतरी गुणगुणत होती, तेही आता आठवलं. त्यांनी घंटी वाजवली. गुणगुणणं थांबलं. दार उघडलं तेव्हा ती पदरानं नाक पुसत होती आणि म्हणाली होती, "आज लवकर?" त्यानंतर पुढची तेवीस वर्षं आई घरात नव्हती. ती शिंक आबांनी पुन्हा कधी ऐकली? त्यांनी फार शोधलं. पुस्तक उघडं ठेवून, बोट ओळीवर ठेवून, तेवीस वर्षं चाळली. नव्हती. एकदाही नव्हती.

एवढी मोठी चूक. आणि ते पान त्यांनी स्वतः किती वेळा वाचून दाखवलं होतं, लोकांना हसवायला.

त्यांनी मान वर केली. साडेतीन वाजून गेले होते. बरणीत एक मासा पोहत होता, आणि क्षणभर आबांना तो ओळखू आला नाही. त्याच्या अंगावर एकही रेघ नव्हती. पिकत आलेल्या जर्दाळूचा असावा तसा मऊ, उजळ रंग, आणि परांच्या कडांना किंचित निळसर झाक. ती वर आली. कडेनं नाही, मधून. सावकाश घोट घेतला, आणि तिथेच, पाण्याच्या पृष्ठभागाखाली, काही काम नसल्यासारखी रेंगाळली. सून केव्हा येऊन उभी राहिली ते पुन्हा कळलं नाही. या घरात तिच्या पावलांना आवाज नव्हता. "आता दिसतं?" तिनं हळूच विचारलं. आबांनी मान हलवली.

मग त्यांनी टाकीकडे बघितलं. का बघितलं, सांगता येणार नाही. खूण केलेलं पान हातावेगळं करायच्या आधी पुन्हा एकदा वरून खालपर्यंत बघायची सवय, एवढंच. तापकाच्या नळीआड, पट्टेवालीच्या जागी, पांढरी होती. नाक काचेला. आणि तिच्या अंगावर, डोळ्यापासून शेपटीपर्यंत, अजून फिकट, पेन्सिलीनं ओढल्यासारख्या, दोन रेघा.

फोन वाजला. मुलीनं तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला; रविवारचा फोन तिघं मिळून ऐकत. मुलाचा आवाज पाण्यातून आल्यासारखा येत होता. हवा कशी आहे, जेवण कसं आहे, आबांचा गुडघा कसा आहे. मग तो खाकरला. "आबा, ती बोलली ना तुमच्याशी? त्या खोल्यांचं?"

"कसल्या खोल्या?" मुलगी म्हणाली.

सून खिडकीपाशी होती, हात पाठीमागे, भिंतीला टेकून. आबांच्या तोंडात 'बघू' येऊन बसला होता. शुक्रवारपासून तो तिथेच होता.

"जाऊ दे तिला," आबा म्हणाले.

"नक्की ना, आबा? मी लांब बसून काय सांगणार? तुम्ही म्हणाल तसं."

"मी म्हणतो म्हणून नको. तिला जायचंय म्हणून." हे वाक्य त्यांनी आधी जुळवलं नव्हतं, आणि ते बाहेर पडल्यावर त्यांनाच नवल वाटलं. मुलगा काहीतरी म्हणाला, मध्येच आवाज तुटला, पुन्हा आला, "बरं मग", आणि फोन बंद झाला.

सुनेनं पाठीमागचे हात पुढे घेतले. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता की भीती, आबांना वाचता आलं नाही. त्यांना अर्थाची सवय नव्हती. ती एकदम वळली आणि आपल्या खोलीत गेली.

मुलगी खुर्चीत बसली. "म्हणजे मी घालवली तिला. असंच ना?"

"नाही गं."

"मी एक शब्द बोललेली नाही तिला, आबा. तीन वर्षांत एक शब्द. तू साक्षीदार आहेस."

"आहे," आबा म्हणाले. "तुम्हा दोघींना मी एकच वाक्य सांगितलं होतं. हे घर तुझंच आहे, म्हणून."

"मग? खोटं होतं ते?"

"खरं होतं. दोन्ही वेळा खरं होतं."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे आईसारखे होते. मग ती उठून आत गेली, आणि चहाची वेळ झाली होती म्हणून चहा करू लागली. भांड्यांचा आवाज येत होता. तिचा नेहमीचा आवाज, झाकणं, चमचे, सगळं खणखणीत. आबा दाण्यांची डबी घेऊन उठले. गुडघ्यावर हात ठेवून ते टाकीच्या पलीकडच्या कोपऱ्याशी गेले, मग मधे, मग मागे, आणि थोडे थोडे दाणे सगळीकडे टाकले. निळी अलीकडच्या कोपऱ्यात, रोजच्या जागी, वाट बघत थांबली होती. दाणे दुसरीकडेच पडताहेत हे तिला कळेना. ती वळली, परत आली, पुन्हा वळली. पांढरी नळीआडून निघाली नाही.

तेवढ्यात सुनेच्या खोलीत काहीतरी मोठ्यानं आदळलं. बहुतेक माळ्यावरची पत्र्याची पेटी. घरभर आवाज घुमला, टाकीतलं पाणीसुद्धा थरथरलं. मुलगी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. दोघंही वाट बघत होती. वाटी पडो, चमचा पडो, नुसती खिडकी आपटो, त्यानंतर दर वेळी आतून येई तो बारीक आवाज: 'सॉरी आबा, माझ्याकडून पडलं.' तीन वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

तो आला नाही. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, मग पेटी फरफटत ओढल्याचा. बिनधास्त, फरशी खरवडत. मुलीनं आबांकडे बघितलं. आबांनी तिच्याकडे. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं. आता या घरात ती आणि आबा. बाकी कुणी नाही. ती टेबलापाशी आली. पुस्तक उघडं होतं. ती क्षणभर थांबली, उघड्या पुस्तकाकडे बघितलं, श्वास धरला, आणि वाकून, दोन्ही हातांनी, कप इतका सांभाळून टेबलावर ठेवला की आवाज झाला नाही.

"नको," आबा म्हणाले. पण ते इतक्या हळू म्हणाले की तिला ऐकूच गेलं नाही. ती तशीच, पाय न वाजवता, आत गेली.